फँटसी क्रिकेटमधील संघव्यवस्थापन

फँटसी क्रिकेट हा प्रत्यक्ष क्रिकेट सामन्यांच्या आकडेवारीवर आधारलेला निवडीचा खेळ आहे. यात भाग घेणारी व्यक्ती, म्हणजेच संघव्यवस्थापक, प्रत्यक्ष सामन्यात उतरणाऱ्या खेळाडूंमधून स्वतःचा कागदी संघ निवडते. त्या खेळाडूंनी मैदानावर काढलेल्या धावा, घेतलेले बळी आणि टिपलेले झेल यांचे ठरावीक नियमांनुसार गुणांत रूपांतर होते. ज्याच्या संघाची गुणसंख्या सर्वाधिक, तो व्यवस्थापक विजयी ठरतो. प्रत्यक्ष सामना कोणता संघ जिंकतो, याला या खेळात महत्त्व नसते.

संघव्यवस्थापन म्हणजे खेळाडूंची निवड, कर्णधाराची नेमणूक, उपलब्ध श्रेयांकांचे वाटप आणि हंगामी स्पर्धेत वेळोवेळी करावयाचे बदल. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे आंतरराष्ट्रीय मैदान आहे. तेथे कसोटी, एकदिवसीय आणि टी-२० असे तिन्ही प्रकारचे सामने झाले असल्याने या लेखातील बहुतेक उदाहरणे त्या मैदानावरील आहेत. भारतात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. येथे दिलेली तत्त्वे विनामूल्य स्पर्धांना आणि मित्रमंडळींतील हौशी स्पर्धांना लागू पडतात.

उगम आणि प्रसार

फँटसी खेळांचे आजचे रूप अमेरिकेतील बेसबॉलमधून आले. १९८० मध्ये लेखक-संपादक डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी 'रोटिसरी लीग' सुरू केली. न्यूयॉर्कमधील ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याच्या नावावरून लीगला हे नाव मिळाले. प्रत्येक सदस्य ठरावीक रकमेच्या मर्यादेत लिलावाने खरे खेळाडू आपल्या संघात घेई आणि संपूर्ण हंगामातील त्यांच्या आकडेवारीवरून क्रमवारी ठरे. त्याच सुमारास बिल जेम्स यांच्या लेखनामुळे बेसबॉलच्या आकडेवारीचा चिकित्सक अभ्यास लोकप्रिय झाला होता. त्या अभ्यासाची या खेळाला मोठी मदत झाली.

भारतात २००० च्या दशकाच्या आरंभी ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्सच्या 'सुपर सिलेक्टर' या खेळामुळे ही कल्पना क्रिकेटप्रेमींपर्यंत पोहोचली. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि त्याच वर्षी हर्ष जैन व भावित शेठ यांनी मुंबईत 'ड्रीम११' ही कंपनी स्थापन केली. स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेट यांमुळे पुढील दशकात हा खेळ खेडोपाडी पोहोचला. २०२० मध्ये ड्रीम११ आयपीएलची मुख्य प्रायोजक होती.

बेसबॉल आणि क्रिकेट यांच्या फँटसी प्रकारांत एक मूलभूत फरक आहे. अमेरिकेतील प्रमुख बेसबॉल लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. एवढ्या सामन्यांत नशिबाचे चढउतार बऱ्याच अंशी एकमेकांना छेदतात आणि खेळाडूची खरी गुणवत्ता सरासरीत उमटते. भारतात रुजलेला प्रकार मुख्यतः एका सामन्यापुरता असल्यामुळे त्यात अनिश्चितता कितीतरी अधिक असते.

खेळाचे स्वरूप व गुणपद्धती

एका सामन्याच्या प्रकारात व्यवस्थापक दोन्ही संघांतून मिळून ११ खेळाडू निवडतो. यष्टिरक्षक, फलंदाज, अष्टपैलू आणि गोलंदाज या चार गटांतून किमान ठरावीक खेळाडू घ्यावे लागतात. प्रत्येक खेळाडूला त्याच्या लौकिकानुसार श्रेयांकांत किंमत ठरवून दिलेली असते आणि संपूर्ण संघ साधारणतः १०० श्रेयांकांत बसवावा लागतो. सर्वच नामवंत खेळाडू घेणे त्यामुळे शक्य नसते.

टी-२० सामन्यांसाठी बराच काळ रूढ असलेल्या गुणपद्धतीत एका धावेला १, एका बळीला २५ आणि झेलाला ८ गुण मिळत. चौकार, षटकार, अर्धशतक, चार बळी, निर्धाव षटक इत्यादींना अधिक गुण असत. शून्यावर बाद होणे, संथ फलंदाजी आणि महागडी गोलंदाजी यांसाठी गुण वजा होत. कर्णधाराचे गुण दुप्पट, तर उपकर्णधाराचे दीडपट धरले जात. निरनिराळ्या स्पर्धांत हे आकडे बदलतात. म्हणून संघ निवडण्यापूर्वी त्या स्पर्धेची गुणपद्धती वाचणे ही व्यवस्थापनाची पहिली पायरी मानली जाते.

गुणपद्धतीमुळे खेळाडूचे मूल्य कसे पालटते, हे १ मे २०२२ रोजी गहुंजे येथे झालेल्या चेन्नई सुपर किंग्ज आणि सनरायझर्स हैदराबाद यांच्या सामन्यावरून दिसते. पुण्याचा ऋतुराज गायकवाड ९९ धावांवर बाद झाला आणि सामन्याची चर्चा त्याच्या हुकलेल्या शतकाभोवती फिरली. त्याच सामन्यात महाराष्ट्राकडून देशांतर्गत क्रिकेट खेळणाऱ्या मुकेश चौधरीने ४६ धावा देऊन ४ बळी घेतले. क्रिकेटच्या दृष्टीने ही गोलंदाजी महागडी होती. मूळ गुणांच्या हिशेबात मात्र गायकवाडच्या धावांचे ९९, तर चौधरीच्या बळींचे १०० गुण होतात. व्यवस्थापकाला क्रिकेटचे जाणकार असावे लागतेच, पण ते ज्ञान गुणपद्धतीच्या भाषेत मांडताही यावे लागते.

संघव्यवस्थापनाची तत्त्वे

संधीचा अंदाज

गुण मिळण्यासाठी खेळाडूला प्रथम संधी मिळावी लागते. टी-२० सामन्यात सलामीच्या फलंदाजाला १२० चेंडूंपैकी कितीही चेंडू खेळता येतात, तर सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या फलंदाजाच्या वाट्याला अनेकदा मोजकेच चेंडू येतात. गोलंदाजांमध्ये चार षटकांचा पूर्ण वाटा मिळणारा आणि अखेरच्या षटकांत चेंडू टाकणारा गोलंदाज अधिक उपयुक्त ठरतो. शेवटच्या षटकांत फलंदाज धोका पत्करत असल्याने धावांबरोबर बळीही जास्त पडतात.

खेळाडू प्रत्यक्ष अकरांत असेल किंवा नाही, हा संधीचाच पहिला प्रश्न आहे. एखादा खेळाडू खेळल्यास सरासरी ६० गुण मिळवील, पण तो खेळण्याची शक्यता निम्मीच असेल, तर त्याचे अपेक्षित मूल्य ३० गुण ठरते. निश्चितपणे खेळणारा आणि सरासरी ४० गुण मिळवणारा खेळाडू त्याच्यापेक्षा सरस होय. नाणेफेकीच्या वेळी संघ जाहीर झाल्यावर अखेरची दुरुस्ती करणे म्हणूनच महत्त्वाचे असते. २०२३ पासून आयपीएलमध्ये 'इम्पॅक्ट प्लेअर'चा नियम आल्यामुळे अकरांच्या यादीबरोबर राखीव खेळाडूंची यादीही पाहावी लागते.

अष्टपैलू खेळाडूंचे मूल्य

जो खेळाडू फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करतो, त्याला गुण मिळवण्याचे दोन मार्ग असतात. गहुंजेच्या मैदानावरील पहिला आंतरराष्ट्रीय सामना २० डिसेंबर २०१२ रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यात टी-२० स्वरूपात झाला. त्यात सर्वाधिक ५६ धावा इंग्लंडच्या अ‍ॅलेक्स हेल्सच्या होत्या. युवराज सिंगने ३ बळी घेतले आणि ३८ धावा केल्या. वरील पद्धतीच्या मूळ गुणांनुसार हेल्सचे ५६, तर युवराजचे ११३ गुण होतात.

याच मैदानावर २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात ईगल नाशिक टायटन्सच्या अर्शिन कुलकर्णीने पुणेरी बाप्पा संघाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा काढल्या आणि ४ बळीही घेतले. अशी दुहेरी कामगिरी विरळाच. परंतु एका अंगाने अपयश आले तरी दुसऱ्या अंगाने ते भरून निघण्याची शक्यता, हे अष्टपैलू खेळाडूचे खरे मूल्य होय.

कर्णधाराची निवड

कर्णधाराचे गुण दुप्पट होत असल्याने या एका निर्णयाचे वजन संघातील दुसऱ्या कोणत्याही निर्णयापेक्षा जास्त असते. येथे दोन प्रकारच्या खेळाडूंत भेद करावा लागतो. काही खेळाडू सातत्याने मध्यम गुण देतात, तर काही क्वचितच पण भरघोस गुण देतात. ६ एप्रिल २०२२ रोजी गहुंजे येथे मुंबई इंडियन्सविरुद्ध कोलकाता नाइट रायडर्सच्या पॅट कमिन्सने १५ चेंडूंत नाबाद ५६ धावा केल्या. त्याचे अर्धशतक १४ चेंडूंत पूर्ण झाले आणि आयपीएलमधील तेव्हाच्या सर्वांत जलद अर्धशतकाशी त्याची बरोबरी झाली. तो त्या हंगामातील त्याचा पहिलाच सामना होता. गोलंदाजीत त्याने ४९ धावा मोजून २ बळी मिळवले होते.

सामन्यानंतर कमिन्सला कर्णधार करणे शहाणपणाचे वाटू शकते. सामन्यापूर्वी मात्र सातव्या क्रमांकावर येणाऱ्या गोलंदाजाकडून अशा खेळीची अपेक्षा धरण्यास आधार नव्हता. निर्णयाचे मूल्यमापन निर्णयाच्या वेळी हाती असलेल्या माहितीवरून करावयाचे असते.

निवडींचा परस्परसंबंध

संघातील अकरा निवडी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. १ मे २०२२ च्या वर उल्लेखिलेल्या सामन्यात गायकवाड आणि डेव्हॉन कॉनवे यांनी सलामीला १८२ धावांची भागीदारी केली आणि चेन्नईने २ बाद २०२ धावा उभारल्या. दोन्ही सलामीवीर निवडणाऱ्याला दुहेरी लाभ झाला असता. पण ज्याने चेन्नईच्या मधल्या फळीवर भिस्त ठेवली असती, त्याच्या फलंदाजांना खेळण्याची वेळच आली नसती. म्हणून एखाद्या संघाची सलामीची जोडी निवडल्यास त्याच संघाचे खालच्या क्रमांकाचे फलंदाज टाळणे सुसंगत ठरते. सामना कमी धावांचा होईल असा अंदाज असेल, तर दोन्ही बाजूंचे गोलंदाज वाढवणे योग्य. सारांश, आधी सामन्याचे चित्र ठरवावे आणि मग त्या चित्राला जुळणारे अकरा खेळाडू घ्यावेत.

श्रेयांकांचे वाटप व स्पर्धेचा आकार

महागड्या खेळाडूंवर बहुतेक श्रेयांक खर्च केल्यास उरलेल्या जागा संधी न मिळणाऱ्या खेळाडूंनी भराव्या लागतात. अनुभवी व्यवस्थापक उलट दिशेने विचार करतात. बढती मिळून वरच्या क्रमांकावर आलेला तरुण फलंदाज किंवा जायबंदी गोलंदाजाच्या जागी आलेला बदली खेळाडू यांची किंमत कमी असते आणि संधी मात्र वाढलेली असते. असे दोन-तीन खेळाडू हेरले की नामवंतांसाठी श्रेयांक शिल्लक राहतात.

आठ-दहा मित्रांच्या स्पर्धेत सर्वमान्य, भरवशाचे खेळाडू निवडणे हितावह असते. हजारो जणांच्या स्पर्धेत तसा संघ मधल्या क्रमांकावरच राहतो, कारण तेच खेळाडू इतर बहुतेकांकडेही असतात. तेथे पुढे जाण्यासाठी थोड्यांनीच निवडलेले एक-दोन खेळाडू घ्यावे लागतात. हे वेगळेपण सकारण असावे. केवळ वेगळे दिसण्यासाठी केलेली निवड सहसा तोट्याची ठरते.

मैदानाचा अभ्यास : गहुंजेचे उदाहरण

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत असलेल्या गहुंजेच्या मैदानाचे उद्घाटन २०१२ मध्ये झाले. मैदानाच्या केवळ नावावरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे असते, हे तेथील सामन्यांवरून समजते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये येथे झालेल्या पहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा डावखुरा फिरकीपटू स्टीव्ह ओकीफ याने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत ६ बळी घेतले. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले आणि ऑस्ट्रेलियाने ३३३ धावांनी विजय मिळवला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने या खेळपट्टीला 'निकृष्ट' असा शेरा दिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच मैदानावर विराट कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ धावा केल्या आणि भारताने ५ बाद ६०१ धावांवर डाव घोषित केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा फिरकीचे वर्चस्व दिसले. न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले, भारत ११३ धावांनी पराभूत झाला आणि न्यूझीलंडने भारतातील आपली पहिली कसोटी मालिका जिंकली. भारताकडून वॉशिंग्टन सुंदरने ११ बळी मिळवले. मालिकेच्या मूळ संघात नसलेल्या सुंदरला या कसोटीपूर्वी संघात घेण्यात आले होते. खेळपट्टीचा रागरंग पाहून संघनायक कोणाला बोलावतात, ही बातमीही व्यवस्थापकासाठी आकडेवारीइतकीच मोलाची असते.

एकदिवसीय सामन्यांत हेच मैदान फलंदाजांना साथ देणारे ठरले. २०२३ च्या विश्वचषकातील पाच सामने येथे झाले. त्यांत विराट कोहली (नाबाद १०३), क्विंटन डी कॉक (११४), रासी व्हॅन डर ड्यूसेन (१३३), बेन स्टोक्स (१०८) आणि मिचेल मार्श (नाबाद १७७) यांनी शतके झळकावली. हे पाचही जण पहिल्या चार क्रमांकांत खेळणारे होते. कसोटीतील अनुभवावरून येथे फिरकीपटूंचा भरणा करणाऱ्या व्यवस्थापकाचा या स्पर्धेत अंदाज चुकला असता. खेळाचा प्रकार, त्या सामन्यासाठी तयार केलेली विशिष्ट खेळपट्टी आणि दिवसाची वेळ या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. सायंकाळच्या सामन्यांत दव पडल्यास चेंडू ओला होतो, फिरकीपटूंची पकड सुटते आणि नंतर फलंदाजी करणाऱ्या संघाला फायदा होतो.

हवामानाबाबत मावळ तालुक्याचे वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे येताना तो झपाट्याने घटतो आणि पुणे शहरात सुमारे ७०० मिलिमीटरवर येतो. गहुंजे या दोहोंच्या मध्ये, पुण्याच्या बाजूस आहे. लोणावळ्याच्या अंदाजावरून गहुंजेचा सामना वाया जाईल असे मानणे चुकीचे ठरू शकते. तसेच पुण्यात ऊन आहे म्हणून निश्चिंत राहणेही योग्य नसते. जूनमध्ये खेळवल्या गेलेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगला पावसाचा फटका बसलेला आहे. पावसामुळे षटके कमी झाल्यास वरच्या फळीतील फलंदाजांचे मूल्य वाढते आणि मधल्या फळीचे घटते.

हंगामी स्पर्धांतील व्यवस्थापन

संपूर्ण हंगामाच्या स्पर्धेत एकदा निवडलेल्या संघात मर्यादित बदल करता येतात. येथे संयमाला महत्त्व येते. एका अपयशानंतर चांगल्या खेळाडूला वगळणे आणि एका यशानंतर नव्याला घेणे, यात बदल लवकर संपतात. सामन्यांचे वेळापत्रक पाहून पुढील आठवड्यात अधिक सामने खेळणाऱ्या संघांतील खेळाडूंना प्राधान्य देणे, दुखापतींच्या बातम्यांवर लक्ष ठेवणे आणि अखेरच्या टप्प्यासाठी काही बदल राखून ठेवणे, ही हंगामी व्यवस्थापनाची मुख्य सूत्रे आहेत.

वेळापत्रकही अचूक राहील असे नसते. २०१६ मध्ये दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे मे महिन्यातील सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. केवळ १ मेचा गहुंजेतील सामना होऊ दिला गेला आणि पुण्याच्या संघाचे उर्वरित घरचे सामने विशाखापट्टणमला गेले. उलट २०१८ मध्ये कावेरी पाणीप्रश्नावरील आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंजेला आले. घरच्या मैदानाच्या भरवशावर निवडलेल्या खेळाडूंचे मूल्य अशा प्रसंगी नव्याने ठरवावे लागते.

सामान्य चुका

आपल्या गावच्या किंवा आवडत्या संघाच्या खेळाडूंना झुकते माप देणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. एकाच ताज्या कामगिरीवरून मत बनवणे, नावाला भुलणे, जाहीर झालेला अंतिम संघ न पाहणे आणि इतरांचा तयार संघ जसाच्या तसा उतरवणे, याही नेहमीच्या चुका होत. त्यांवर उपाय म्हणून प्रत्येक सामन्यापूर्वी निवडीची कारणे थोडक्यात लिहून ठेवणे आणि नंतर ती तपासणे उपयुक्त ठरते. कारण योग्य होते पण गुण मिळाले नाहीत, की कारणच चुकीचे होते, हे अशा नोंदीतून कळते.

कौशल्य, नशीब आणि कायदा

फँटसी क्रिकेट हा कौशल्याचा खेळ आहे की नशिबाचा, हा प्रश्न भारतात न्यायालयांपर्यंत गेला. मुंबई प्रांतातील १८८७ च्या जुगारबंदी कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी ड्रीम११च्या खेळात कौशल्याचा भाग प्रधान असल्याचे मानले. प्रत्यक्ष संघाच्या जयपराजयावर येथील निकाल अवलंबून नाही, हा त्यामागील महत्त्वाचा मुद्दा होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेद बाजूस ठेवून पैसे लावून खेळले जाणारे सर्वच ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यानंतर ड्रीम११सह प्रमुख कंपन्यांनी सशुल्क स्पर्धा बंद केल्या.

या वादामागील गणित व्यवस्थापकाने समजून घेण्यासारखे आहे. एखाद्याचे कौशल्य असे आहे की त्याचे १०० पैकी ५५ निर्णय बरोबर ठरतात, असे मानू. तरीही कोणत्याही १० निर्णयांपैकी पाचाहून कमी बरोबर ठरण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. म्हणजे कौशल्य खरे असूनही थोड्या सामन्यांत ते दिसेलच असे नाही. आणि कौशल्य नसलेल्यालाही थोड्या सामन्यांत यश लाभू शकते. दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण पहिल्या यशाला कौशल्य समजून माणूस पुढे खेळत राहतो. सशुल्क स्पर्धांत प्रवेशशुल्कातून चालकाचा वाटा आधीच वजा होत असे. त्यामुळे सर्व सहभागींचा एकत्रित हिशेब नेहमी तोट्याचाच असे. गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, घरच्यांपासून व्यवहार लपवणे आणि उसनवारी करणे ही व्यसनाची लक्षणे मानली जातात. अशा वेळी केंद्र शासनाच्या 'टेली-मानस' या विनामूल्य मानसिक आरोग्य सेवेचे साहाय्य १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

पैशाचा संबंध काढून टाकल्यावर या खेळाचे शैक्षणिक मूल्य स्पष्ट होते. सरासरी, शक्यता, मर्यादित साधनांचे वाटप आणि अपुऱ्या माहितीवर घ्यावयाचे निर्णय यांचा सराव विद्यार्थ्यांना त्यातून होतो. बेसबॉलच्या पहिल्या लीगप्रमाणे ओळखीच्या मंडळींत संपूर्ण हंगामभर खेळली जाणारी स्पर्धा यासाठी अधिक अनुकूल मानली जाते, कारण व्यवस्थापकाचे कौशल्य दिसण्यास आवश्यक असलेली सामन्यांची संख्या तिच्यातच मिळते.